तार अखंड, तरीही सदोष

जुलै १८६५. ‘ग्रेट ईस्टर्न’ जहाज अटलांटिकच्या तळाशी तारायंत्राची केबल टाकत आयर्लंडहून अमेरिकेकडे चालले होते. गॅल्व्हानोमीटरने तपासणी सतत चालू होती. एकाएकी केबलमधील वीज समुद्रात गळू लागली. केबल वर ओढून पाहिली, तेव्हा आतली तांब्याची तार अखंडच निघाली. मात्र लोखंडी तारेचा एक तुकडा गटापर्चाच्या आवरणात घुसला होता. म्हणजे प्रश्न दोन: वीज शेवटपर्यंत जाते का? आणि वाटेत भलतीकडे तर जात नाही ना?

ब्रिटिश पोस्ट खात्यातील अभियंते डोनाल्ड मॅकेडी यांनी अँपिअर, व्होल्ट व ओहम मोजण्याची सोय एकाच उपकरणात केली. त्यांचा ॲव्होमीटर १९२३ मध्ये बाजारात आला. आपला मल्टीमीटर त्याच कुळातला.

घरची इस्त्री तपासतानाही हेच दोन प्रश्न विचारावेत. आधी प्लग सॉकेटमधून काढावा. मापनाला मीटरमधील बॅटरी पुरते. इस्त्रीचे बटण चालू स्थितीत ठेवावे. ७५० वॉटच्या इस्त्रीत प्लगच्या दोन लहान पिनांमध्ये सुमारे ७० ओहम रोध दिसतो. मोठी पिन व धातूचा तळ यांच्यात जवळजवळ शून्य दिसावा. लहान पिन आणि तळ यांच्यात मात्र जोडणी मुळीच दिसता कामा नये. दिसली, तर गरम होणारी इस्त्रीही जिवावर बेतू शकते.