सौसर की सौंसर? पायथनमध्ये मराठी मजकूर हाताळताना

पांढुर्णा : आपल्या भागातल्या बहुतेक घरांत एकाच माणसाची दोन नावं सापडतात. घरात ‘काळे’, शाळेच्या हिंदी दाखल्यावर ‘काले’. गावाचंही तसंच. आपण ‘सौसर’ म्हणतो, हिंदी कागदावर ‘सौंसर’ छापलेलं असतं. माणूस दोन्ही वाचून समजून घेतो. संगणक घेत नाही. नागपूरला प्रवेशाचा फॉर्म भरताना ‘नाव जुळत नाही’ असा लाल शेरा येतो, तेव्हा आत बहुतेक वेळा एवढंच घडलेलं असतं: दोन मजकूर शेजारी ठेवून तपासले आणि एका चिन्हाचा फरक निघाला.

हा मजकूर प्रोग्रॅमिंगमध्ये ‘स्ट्रिंग’ म्हणून ओळखला जातो. स्ट्रिंग म्हणजे अक्षरांची माळ. नव्याने शिकणाऱ्यांसाठी इथे पायथन भाषा घेतली आहे. ती १९९१ साली आली, फुकट मिळते, आणि २००८च्या तिसऱ्या आवृत्तीपासून तिची प्रत्येक स्ट्रिंग युनिकोडची असते, म्हणून मराठी तिला सरळ चालतं. एक लक्षात ठेवा. खाली आज्ञा वाचायच्या सोयीसाठी देवनागरीत दिल्या आहेत. संगणकावर प्रिंट, लेन, स्ट्रिप हे शब्द आणि आज्ञेतले आकडे इंग्रजी लिपीतच टाइप करायचे. मराठी राहील ते फक्त अवतरण चिन्हांच्या आतलं.

सुरुवात

गाव = "पांढुर्णा"
प्रिंट(लेन(गाव))

लेन म्हणजे लांबी. उत्तर काय येईल? आपण मोजतो पां, ढु, र्णा, म्हणजे तीन. पायथन सांगतो ९. काहून? तो अक्षर मोजत नाही, चिन्हं मोजतो: प, काना, अनुस्वार, ढ, उकार, र, हलन्ताची खूण, ण आणि पुन्हा काना. मराठीत जे एक अक्षर दिसतं ते आत दोन-तीन तुकड्यांचं असतं. हे एकदा डोक्यात बसलं की पुढचे निम्मे गोंधळ आपोआप सुटतात.

माळेतल्या चिन्हांचे क्रमांक शून्यापासून सुरू होतात. गाव[०] म्हणजे नुसता ‘प’. ‘पां’ हवा असेल तर गाव[०:३] लिहा. यात ०, १, २ येतात, ३ येत नाही. शेवटचं चिन्ह गाव[-१] असं मागितलं तर ‘र्णा’ नाही, नुसता काना हाती येतो. यादीत नावाचं पहिलं अक्षर वेगळं काढायचा प्रोग्रॅम इंग्रजी पुस्तकातून जसाच्या तसा उचलला तर ‘रामाकोना’चा ‘र’ होतो आणि ‘मोहगाव’चा ‘म’.

जोडायला अधिकची खूण पुरते: "पांढुर्णा" + " जिल्हा". पण हीच खूण आकड्यांत फसवते. इनपुट या आज्ञेने विचारलेली प्रत्येक गोष्ट स्ट्रिंग म्हणूनच येते. संत्र्याचे कॅरेट सकाळी "५" आणि संध्याकाळी "३" लिहिले आणि जोडले, तर उत्तर ८ नाही, ५३. आधी इंट("५") करून त्याचा आकडा करा. इथे पायथन चांगला वागतो. मराठी अंकातला "४८०" दिला तरी इंट त्याची बरोबर संख्या करतो. मात्र मराठी अंकांतला "४८०" आणि इंग्रजी अंकांतला तोच आकडा या दोन स्ट्रिंग म्हणून तुलनेला ठेवल्या, तर त्या वेगळ्याच.

तुलना: खरं दुखणं इथे आहे

दोन बरोबर खुणा म्हणजे ‘सारखं आहे का?’ हा प्रश्न. "सौसर" == "सौंसर" याचं उत्तर येतं फॉल्स, म्हणजे नाही. पहिल्यात चार चिन्हं आहेत, दुसऱ्यात अनुस्वार धरून पाच. हा फरक निदान डोळ्याला दिसतो.

न दिसणारा फरक जास्त छळतो. हिंदीतल्या ‘छिंदवाड़ा’च्या ड खालचा टिंब, म्हणजे नुक्ता, युनिकोडमध्ये दोन रीतींनी लिहिता येतो. एका रीतीत टिंबासकट ड हे एकच चिन्ह, दुसरीत ड आणि टिंब वेगळे. पडद्यावर तंतोतंत सारखं दिसतं. लेन मात्र एकीकडे ८ सांगतो आणि दुसरीकडे ९. तुलना केली तर फॉल्स. दोन कार्यालयांच्या याद्या एकत्र करताना निम्मी नावं जुळत नाहीत, याचं हे एक नेहमीचं कारण. उपाय पायथनसोबतच येणाऱ्या यूनिकोडडेटा या भागात आहे. त्यातल्या नॉर्मलाइज या आज्ञेला "एनएफसी" सांगून दोन्ही मजकूर आधी एका रीतीत आणायचे, मग तुलना. मराठी रूप हवं असेल तर त्यानंतर टिंब काढून टाका, ‘छिंदवाडा’ उरतो. हा क्रम उलटा करू नका. मराठीतला ऱ सुद्धा कुठे कुठे र आणि टिंब असा लिहिलेला असतो. आधी टिंब काढलं तर तो ऱ गेला.

ऱचं आणखी एक प्रकरण आहे. ‘दऱ्या’ शब्द एका कीबोर्डवर ऱ वापरून उमटतो (पाच चिन्हं), दुसऱ्यावर साधा र, हलन्त आणि एक अदृश्य जोडखूण घालून (सहा). त्या खुणेचा युनिकोड क्रमांक २००डी. ती स्ट्रिपने निघत नाही, नॉर्मलाइजनेही नाही. आणि कुणी म्हणालं, अदृश्यच आहे तर पुसून टाका, तर ‘दऱ्या’चा ‘दर्या’ होतो. डोंगरातली दरी समुद्रात गेली. म्हणून पुसायची नाही, र, हलन्त आणि ती खूण या तिघांच्या जागी ऱ आणि हलन्त ठेवायचा. ‘शेतकऱ्यांची यादी’ असं नाव असलेल्या फाइली शोधणाऱ्यांना याचा उपयोग होईल.

स्ट्रिप मात्र रोजच्या कामाची. "सौसर " असं शेवटी एक रिकामी जागा सोडून टाइप झालं तर नाव.स्ट्रिप() ती कापते.

बदलताना

स्ट्रिंग जागच्या जागी बदलत नाही. नाव.रिप्लेस("सौंसर", "सौसर") एवढंच लिहून पुढे गेलात तर नाव जुनंच राहतं. नवी स्ट्रिंग परत मिळते, ती धरून ठेवावी लागते: नाव = नाव.रिप्लेस("सौंसर", "सौसर"). नवशिक्यांची पहिल्या आठवड्यातली चूक बहुतेक हीच.

दुसरी चूक आपल्या भागाची. ऑक्टोबर २०२३ मध्ये छिंदवाड्यातून पांढुर्णा वेगळा जिल्हा झाला. जुन्या पत्त्यांत ‘तहसील सौसर, जिल्हा छिंदवाडा’ आहे म्हणून सगळीकडे छिंदवाड्याच्या जागी पांढुर्णा घातलं, तर परासियाची माणसंही पांढुर्णा जिल्ह्यात येऊन पडतील. आधी पाहा: इफ "सौसर" इन पत्ता. उत्तर हो आलं तरच बदला, आणि ‘जिल्हा’ शब्दासकट बदला.

पत्ता स्वल्पविरामावर तोडायला पत्ता.स्प्लिट(","), परत सांधायला जॉइन. अप्पर आणि लोअर या आज्ञा इंग्रजी स्पेलिंगच्या लहान-मोठ्या अक्षरांसाठी आहेत, देवनागरीवर त्या काहीच करत नाहीत.

इजअल्फा या आज्ञेपासून सावध राहा. ‘यात फक्त अक्षरं आहेत का’ असं ती विचारते, पण काना-मात्रेला अक्षर धरत नाही. "सरपण" पास, "सौसर" नापास. नावाच्या रकान्यात ही तपासणी लावली तर मात्रा असलेला प्रत्येक माणूस बाहेर!

यादी अकारविल्हे लावायला सॉर्टेड वापरतात. ती युनिकोडच्या क्रमाने लावते, आणि तिथला देवनागरीचा क्रम १९८८च्या ‘इस्की’ या भारतीय प्रमाणावरून घेतलेला आहे. त्यात ळ ल च्या शेजारी बसला आहे, आपल्या वर्णमालेसारखा ह नंतर नाही. त्यामुळे ‘काळे’ ‘कासार’च्या आधी येतात. शब्दकोशाच्या क्रमाने ते नंतर यायला हवेत. छोट्या यादीत चालून जातं.

फाइल उघडताना एनकोडिंग "यूटीएफ-८" असं स्पष्ट लिहा, नाहीतर विंडोजवर मराठीऐवजी चिन्हांचा कचरा दिसण्याची शक्यता असते. तयार यादी एक्सेलमध्ये उघडायची असेल तर "यूटीएफ-८-सिग". आणि जुनी सरकारी यादी कृतिदेवमध्ये असेल तर वरचं काहीही चालणार नाही. कृतिदेवमध्ये आत इंग्रजी अक्षरंच असतात, फॉन्ट फक्त त्यांना देवनागरीचा अंगरखा घालतो. अशा फाइलीत ‘सौसर’ शोधून सापडत नाही. आधी ती युनिकोडमध्ये बदलून घ्या, मग नुक्ता, ऱ, मोकळ्या जागा या क्रमाने साफ करा. मूळ नावाचा रकाना तसाच ठेवून साफ केलेलं नाव शेजारच्या रकान्यात लिहा. दाखल्यावर ‘काले’ असेल तर फॉर्मवर दाखल्याप्रमाणेच भरावं लागतं.