जोंधळ्याच्या ओळींतील अंबाडी

सातारा म्हटलें म्हणजे इतिहासाच्या अभ्यासकापुढें अजिंक्यतारा, छत्रपतींची गादी आणि १८४८ सालीं डलहौसीनें खालसा केलेलें राज्य उभें राहतें. कृष्णाकांठच्या गांवांचें नांव निघालें कीं प्रतिसरकार आठवतें. हें योग्यच आहे. परंतु हीं माणसें ज्या घरांतून बाहेर पडलीं, त्या घरांतील चुलीवर काय शिजत होतें, हा प्रश्न आम्हांस फार उशिरां सुचला. आणि तोही आमच्या हुशारीमुळें नव्हे.

मुंबई इलाख्याच्या जुन्या ग्याझेटियरांत (साताऱ्याचें १८८५ सालीं निघालें) अंबाडीची गणना तंतुपिकांत केलेली आहे. तेवढें टिपून घेऊन आम्ही पुढें गेलों. पुढें कांहीं वर्षांनीं तासगांव तालुक्यांत जाण्याचा योग आला. हा तालुका आज सांगली जिल्ह्यांत आहे; १९४९ सालीं दक्षिण सातारा हा वेगळा जिल्हा झाला व १९६० सालीं त्यास सांगली हें नांव मिळालें. तेथील एका आजीबाईंस आम्हीं पंडिती थाटानें विचारलें, “अंबाडी आपल्याकडे दोरासाठीं पेरीत असत, नाहीं का?” त्या हंसल्या व म्हणाल्या, “दोर काय खात्यात व्हय? आदी भाजी, मग दोर. काठाची वळ खुडायची, मधली राखायची.” आमच्या टिपणवहीची किंमत त्या क्षणीं आम्हांस कळली.

अंबाडी ही जास्वंदीच्या व भेंडीच्या कुळांतील झुडूपवजा वनस्पति. फूल फिकट पिवळें, मध्यें गर्द तांबडा डाग, पानें आंबट. तांबड्या देठांची लाल अंबाडी ही तिची सख्खी बहीण. वनस्पतिशास्त्रज्ञ हिचें मूळ आफ्रिकेंत मानतात, आणि जोंधळा व बाजरी हीं धान्यें मूळचीं तिकडचींच. ज्या ताटास आपण अस्सल देशावरचें समजतों, त्यांतील भाकरी व भाजी दोन्ही अशा परदेशांतून येऊन येथल्या काळ्या मातींत रुजल्या आहेत.

शेतकरी पावसाच्या आरंभीं बाजरी-जोंधळ्यांत अंबाडी मिसळून पेरी. आषाढ-श्रावणांत कणगी तळाला गेलेली असते आणि नवें पीक अद्याप पोटरींतही आलेलें नसतें. नेमक्या त्याच दिवसांत तिचा कोंवळा पाला हाताशीं येई. तो उकडून, पिळून आंबटपणा कमी करावयाचा, जोंधळ्याच्या कण्या किंवा डाळ घालून शिजवावयाचा, वरून लसणीची फोडणी द्यावयाची. भाकरीबरोबर घरादाराचें जेवण होई. ऋषिपंचमीच्या भाजींतही अंबाडीस मान आहे. मात्र त्या दिवशीं बैलाच्या कष्टाचें खावयाचें नसतें, म्हणून ती परसांतील हवी.

आजीबाईंच्या बोलण्यांतील मर्म पुढेंच आहे. शेंडा खुडला कीं झाडास फांद्या फुटतात. भाजीस तें हितकर. पण दोरास लांब, सरळ, बिनफांदीची काठी लागते. एकाच झाडावर चुलीचा व गोठ्याचा असा दुहेरी हक्क होता, आणि शेताच्या कडेची ओळ व मधली ओळ अशी वांटणी करून घरच्या बाईनें तो तंटा मिटविला होता. राखलेलें पीक सुगीनंतर कापून पाण्यांत कुजत घालीत, साल सोलून वाख काढीत, आणि त्यांतून दावीं, कासरे, चऱ्हाटें होत.

सरकारास मात्र यांतील वाखच दिसला. व्यापारांत हिचें नांव ‘डेक्कन हेम्प’ पडलें. पुसा येथील संशोधनसंस्थेंत हॉवर्ड दांपत्यानें हिच्या व लाल अंबाडीच्या जातींचा अभ्यास १९११ सालीं प्रसिद्ध केला, तोही तंतुपीक म्हणूनच. दुसऱ्या महायुद्धांत ताग दुर्मिळ होईल या भीतीनें अमेरिकेनें क्यूबांत हिची लागवड करविली. १९४७ च्या फाळणीनें तागाचीं बहुतेक शेतें पूर्व पाकिस्तानांत गेलीं व गिरण्या कलकत्त्याभोंवतीं राहिल्या, तेव्हां ‘मेस्ता’ या नांवानें हिला पुन्हां महत्त्व आलें. या साऱ्या उलाढालींत भाजीची विचारपूस कोणी केली नाहीं. जी विकली जात नाहीं तिची नोंद कोण ठेवणार?

इकडे दोराचे दिवसही सरले. कुंडलजवळ १९१० सालीं किर्लोस्करवाडी वसली. तेथें लोखंडी नांगर व पुढें पंप तयार होऊं लागले. पंपानें मोट घालविली, नायलॉननें दावीं घालविलीं आणि उंसानें जोंधळ्याच्या ओळीच घालविल्या. याबद्दल सरसकट हळहळणें आम्हांस प्रशस्त वाटत नाहीं. दोर वळण्याचें काम गांवगाड्यानें मातंग समाजावर लादलें होतें. मोबदला बलुत्याचा, आणि मान कांहींच नाहीं. वाळवें तालुक्यांतील वाटेगांवीं १९२० सालीं जन्मलेल्या अण्णा भाऊ साठे यांनीं १९५९ सालच्या ‘फकिरा’ कादंबरींत त्याच समाजाची दुष्काळांतील झुंज रंगविली आहे. ती ज्यानें वाचली, त्यानें जुन्या दोरासाठीं अश्रु ढाळूं नयेत.

पण दोराबरोबर पालाही जावा, असें मात्र कांहीं नव्हतें. पाल्यास मोट लागत नाहीं कीं बलुतें लागत नाहीं. परसांतील हातभर जागा पुरते. पावसाळ्यांत अजून सांगलीच्या बाजारांत अंबाडीच्या जुड्या दिसतात. पण ती कितीदां पिळावी, कण्या केव्हां घालाव्या, बियांसाठीं कोणतीं झाडें राखावीं, हें सांगणाऱ्या व्यक्ति घरोघर थोड्याच उरल्या आहेत. आमच्या वाचकांपैकीं ज्यांच्या घरीं अशी आजी असेल, त्यांनीं या श्रावणांत तिच्याजवळ वही घेऊन बसावें. आम्ही ती वही घेऊन गेलों, तेव्हां तासगांवच्या त्या घराला कुलूप होतें.