'कोनोसुबा' आणि तिचे प्रेक्षक

आपल्या जगातला माणूस अद्भुत दुनियेत जाऊन पोहोचतो, त्या जपानी कथाप्रकाराला इसेकाई म्हणतात. नात्सुमे आकात्सुकी यांनी २०१२ मध्ये लिहायला घेतलेल्या 'कोनोसुबा' या कादंबरीने त्यातल्या पराक्रमी नायकाला फाटा दिला. तिच्यावरची अ‍ॅनिमे मालिका जानेवारी २०१६ मध्ये सुरू झाली. कर्जबाजारी काझुमा, कुचकामी देवी अक्वा, दिवसाला एकच स्फोटमंत्र टाकू शकणारी मेगुमिन आणि तलवारीचा नेम कायम चुकणारी डार्कनेस यांची फजिती प्रेक्षकांना भावली. चित्रांतला ओबडधोबडपणा काहींना खटकला. अनेकांनी तो विनोदाचाच भाग मानला. २०१७ मध्ये दुसरे पर्व, २०१९ मध्ये चित्रपट आणि २०२४ मध्ये तिसरे पर्व आले. विनोदी इसेकाईला प्रतिष्ठा मिळवून देण्यात या मालिकेचा वाटा मोठा आहे.