काशीतील जुन्या वाड्यांची दुरुस्ती

काशीतील जुन्या वाड्यांची दुरुस्ती : वाराणसीच्या गंगाकाठी, ‘पक्का महाल’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या दाट वस्तीतील जुन्या राहत्या घरांची डागडुजी, आतील फेरफार व वायरिंगचे नूतनीकरण. या कामांना लागू पडणाऱ्या बांधकामाच्या आणि विजेच्या नियमांचाही येथे विचार केला आहे. ब्रह्माघाट, दुर्गाघाट, पंचगंगा घाट या भागांत मराठी घराण्यांचे अनेक वाडे असल्याने विषयाला मराठी इतिहासाचीही बाजू आहे.

मराठी वस्ती : पैठणकडील विद्वान घराणी १६व्या शतकापासून काशीत स्थायिक झाली. १८व्या शतकात पेशवे, होळकर, शिंदे आणि नागपूरकर भोसले यांच्या आश्रयाने घाट, देवळे, अन्नछत्रे व वाडे उभे राहिले. अहिल्याबाई होळकरांनी विश्वनाथाचे मंदिर १७८० च्या सुमारास पुन्हा बांधले. अहिल्याबाई घाट आणि भोसले घाट ही नावे आजही रूढ आहेत. बायजाबाई शिंदे यांनी बांधवलेला सिंदिया घाट स्वतःच्याच वजनाने खचला व पुढे तो नव्याने बांधावा लागला. काठची माती किती भार सोसते, हा प्रश्न इथे तेव्हापासूनचा आहे. ब्रह्माघाटावरील आंग्रे वाड्यातल्या सार्वजनिक गणेशोत्सवाची परंपरा १८९८ पासूनची मानली जाते.

बांधणी : भिंती पातळ ‘लखौरी’ विटांच्या, चुना व सुरखी यांत रचलेल्या आणि चांगल्याच जाड असतात. मध्ये चौक, भोवती दोन-तीन मजले. छतासाठी लाकडी तुळयांवर चुनारच्या वालुकाश्माच्या लांब फरशा टाकतात. बनारसी बोलीत त्यांना ‘पटिया’ म्हणतात. फरशांवर माती व चुन्याचा थर येतो. शेजारच्या दोन घरांची भिंत पुष्कळदा सामाईक असते, त्यामुळे एका घरातली तोडफोड दुसऱ्याच्या छताला जाणवते.

तुळई कुजली की आधी खालून टेकू देतात, वरचा थर खरवडून फरशा सुट्या करतात, तुळई बदलतात आणि त्याच फरशा त्याच पातळीवर पुन्हा बसवतात. हे काम वेळखाऊ असल्याने बहुतेक मालक सिमेंट-काँक्रीटचा स्लॅब पसंत करतात. स्लॅबचे वजन चुन्याच्या भिंतीवर कसे उतरणार याचा हिशेब मात्र क्वचितच होतो. वाराणसी भूकंपाच्या तिसऱ्या क्षेत्रात मोडते, म्हणून हा हिशेब टाळता येण्यासारखा नाही. लखौरी विटेवर सिमेंटचा गिलावा केल्यास आतली ओल बाहेर पडत नाही, भिंतीला लोणा लागतो आणि काही वर्षांत गिलावा फुगून सुटतो. चुन्याच्या भिंतीला चुन्याचाच गिलावा मानवतो.

बांधकामाची परवानगी : उत्तर प्रदेश नगर नियोजन व विकास अधिनियम १९७३ नुसार वाराणसी विकास प्राधिकरण स्थापन झाले. अधिनियमाच्या कलम १४ व १५ प्रमाणे विकासक्षेत्रातील बांधकामाला प्राधिकरणाची परवानगी लागते. बोलीभाषेत याला ‘नक्शा पास करणे’ म्हणतात. विनापरवाना बांधकाम पाडण्याचा आदेश कलम २७ खाली निघतो, काम थांबवण्याचा कलम २८ खाली. किरकोळ उल्लंघन शुल्क घेऊन नियमित करण्याला ‘शमन’ म्हणतात. रंगसफेदी, गिलावा, फरशी, दारे-खिडक्यांची दुरुस्ती असली कामे साधारणपणे परवानगीच्या कक्षेबाहेर राहतात. मजला चढवणे, सज्जा गल्लीवर काढणे, चौक झाकून खोली करणे हे मात्र नवे बांधकाम ठरते.

राज्याने २०२५ मध्ये नवे आदर्श बांधकाम उपविधी आणले आणि १०० चौरस मीटरपर्यंतच्या निवासी भूखंडांना नकाशामंजुरीतून सवलत दिली. घाटालगतच्या मालकाने केवळ या सवलतीवर विसंबू नये, कारण तिथे आणखी दोन बंधने आहेत. पहिले गंगेचे. नदीपासून २०० मीटरच्या पट्ट्यात नव्या बांधकामाला मनाई आहे. जुन्या घराची दुरुस्ती तेवढी परवानगीने करता येते, आणि तीही व्याप्ती व उंची होती तेवढीच ठेवून. या पट्ट्यातील बेकायदा बांधकामांविरुद्ध कौटिल्य सोसायटी या स्थानिक संस्थेने अलाहाबाद उच्च न्यायालयात जनहित याचिका लढवली. दुरुस्तीचा कागद घेऊन आतून पूर्ण नवी इमारत उभी करायची, ही इथली नेहमीची पळवाट आहे.

दुसरे बंधन पुरातत्त्वाचे. प्राचीन स्मारके व पुरातत्त्वीय स्थळे अधिनियम १९५८ मध्ये २०१० साली झालेल्या दुरुस्तीनुसार संरक्षित स्मारकापासून १०० मीटर प्रतिबंधित आणि त्यापुढील २०० मीटर नियंत्रित क्षेत्र असते. प्रतिबंधित क्षेत्रात दुरुस्ती व नूतनीकरणासाठी सक्षम प्राधिकाऱ्याची परवानगी लागते, नवे बांधकाम होत नाही. पंचगंगा घाटावरची धरहरा मशीद आणि दशाश्वमेधाजवळची मानमंदिर वेधशाळा ही अशी स्मारके आहेत. हा कायदा केंद्राचा असल्याने राज्याच्या उपविधींनी त्यात सूट मिळत नाही.

वीज : वाराणसीचा वीजपुरवठा पूर्वांचल विद्युत वितरण निगमाकडे आहे. २०१५ मध्ये हाती घेतलेल्या एकात्मिक ऊर्जा विकास योजनेत जुन्या शहरातील गल्ल्यांवर लोंबणारी तारांची जाळी काढून केबल जमिनीखाली नेण्यात आल्या. गल्लीचे रूप त्याने पालटले. मीटरपासून पुढची वायरिंग मात्र मालकाची जबाबदारी असते आणि ती बरेचदा दोन पिढ्यांपूर्वीची निघते: लाकडी पट्टीवरच्या तारा, पोर्सेलिनचे फ्यूज, ओल्या भिंतीत रुतलेला स्विचबोर्ड, आणि अर्थिंगची तार असली तरी जमिनीपर्यंत न पोचलेली.

केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या सुरक्षाविषयक विनियमांनुसार (२०१०, सुधारित २०२३) वायरिंगचे काम परवानाधारक ठेकेदाराकडून आणि प्रमाणपत्रधारकाच्या देखरेखीखाली व्हावे लागते. दिवा, पंखा, फ्यूज, स्विच बदलण्यासारखी कामे यातून वगळली आहेत. वायरिंगसाठी आयएस ७३२ आणि अर्थिंगसाठी आयएस ३०४३ ही भारतीय मानके आहेत. चालू प्रघाताप्रमाणे दिव्यांना १.५, प्लगपॉइंटना २.५ आणि गिझर वा एसीला ४ चौरस मिलिमीटरची तांब्याची तार वापरतात. प्रत्येक मंडलाला स्वतंत्र एमसीबी असतो. एमसीबी तारेला जास्त भारापासून वाचवतो, माणसाला धक्क्यापासून नव्हे. त्यासाठी ३० मिलिअँपिअर गळतीला पुरवठा तोडणारा आरसीसीबी लागतो, आणि ओल्या भिंतींच्या घरात तो चैनीची वस्तू मानता येत नाही.

दगडी फरसबंदीच्या वस्तीत अर्थिंगचा खड्डा कुठे घ्यावा हाही प्रश्न असतो. तो बहुधा चौकात घेतात. मीटर व मुख्य बोर्ड कुठे लावायचा हे पुराच्या पाण्यावरून ठरवावे. वाराणसीत गंगेची धोक्याची पातळी ७१.२६२ मीटर असून ९ सप्टेंबर १९७८ रोजी पाणी ७३.९०१ मीटरपर्यंत चढले होते. घाटालगतच्या घरात तळमजल्याच्या वायरिंगला वेगळा मेन स्विच ठेवला, तर पाणी शिरताच तेवढा भाग तोडून वरचे मजले चालू ठेवता येतात.

वाड्याचे अतिथिगृह करताना मंजूर भार वाढवून घ्यावा लागतो आणि घरगुती दराऐवजी (एलएमव्ही-१) बिगरघरगुती दर (एलएमव्ही-२) लागू होतो. घरगुती जोडणीवर व्यवसाय चालवल्यास विद्युत अधिनियम २००३ च्या कलम १२६ खाली दुप्पट दराने आकारणी होते.

जर्जर घरे : मोडकळीस आलेल्या इमारतीबाबत नगर निगम उत्तर प्रदेश नगर निगम अधिनियम १९५९ च्या कलम ३३१ खाली नोटीस देते. नोटिशीनंतरही काम रखडते, ते प्रामुख्याने मालकीच्या गुंत्यामुळे: वारस अनेक, काही महाराष्ट्रात, आणि घरात नाममात्र भाड्याचे जुने भाडेकरू. १९७२ च्या भाडेनियंत्रण कायद्याने घर सुस्थितीत ठेवण्याचे कर्तव्य मालकावर टाकले होते, पण मिळणाऱ्या भाड्यात एक तुळईही बदलता येत नसे. त्या कायद्याची जागा २०२१ च्या भाडेकरार कायद्याने घेतली. ऑगस्ट २०२४ मध्ये विश्वनाथ मंदिराजवळ दोन जुनी घरे कोसळून जीवितहानी झाली, तेव्हा हा प्रश्न पुन्हा ऐरणीवर आला.

नियमांची मर्यादा : प्राधिकरण उंची, व्याप्ती आणि दर्शनी भाग मोजते, वीज निगमाचा संबंध मीटरशी. तुळईचे टोक किती कुजले आहे आणि भिंतीतल्या तारेचे आवरण शाबूत आहे का, हे दोन्ही खात्यांच्या पाहणीत येत नाही. त्यामुळे सर्व परवानग्या असलेला वाडाही धोकादायक असू शकतो. काम काढण्यापूर्वी संरचना अभियंत्याकडून भिंती-छतांची आणि परवानाधारक ठेकेदाराकडून वायरिंग व अर्थिंगची तपासणी करून घेणे हा मालकाचा स्वतःचा खर्च आहे, आणि दुरुस्तीच्या अंदाजपत्रकात तो पहिल्या ओळीत धरावा.