तळटीप १२ : ‘घरच्या फोल्डरात विरजण लावलं’
१२. लेखक ‘बूटस्ट्रॅप’विषयी बोलत आहेत. पाषाण येथील आयसर संस्थेतल्या ‘परम ब्रह्म’ या महासंगणकावर (बांधणी सी-डॅकची; या सी-डॅकची स्थापना पुणे, १९८८) लिनक्स चालते. यंत्र सामायिक, त्यामुळे सामान्य वापरकर्त्याला रूटचे अधिकार नसतात. हवे ते सॉफ्टवेअर आपल्या होम डिरेक्टरीतच उभारावे लागते. त्यासाठी कामी येते ‘पीकेजीएसआरसी’ ही नेटबीएसडीची पॅकेजव्यवस्था. १९९७ मध्ये फ्रीबीएसडीच्या ‘पोर्ट्‌स’मधून निघाली. मूळ स्रोत उतरवून घ्यायचा आणि जागेवरच बांधायचा, ही तिची मुख्य रीत. म्हणून ती लिनक्स, सोलारिस, मॅकओएसवरही चालते. अडचण अशी, की बांधणीच्या कृती बीएसडीच्या ‘मेक’साठी लिहिलेल्या आणि लिनक्सवर सहसा असतो ग्नूचा ‘मेक’. दोघांची बोली जुळत नाही. तेव्हा ‘बूटस्ट्रॅप’ ही शेल-स्क्रिप्ट यजमान यंत्रणेचाच सी कंपायलर वापरून आधी ‘बीमेक’ आणि पॅकेजांची नोंद ठेवणारी अवजारे बांधते. पुढचे सगळे त्यांच्या जोरावर. दही लावायला चमचाभर दही लागते, म्हणून विरजण. (लेखकाची ही उपमा इंग्रजी शब्दापेक्षा सरस आहे.) ‘अनप्रिव्हिलेज्ड’ हा पर्याय दिला, की सारा संसार ‘/यूएसआर/पीकेजी’ऐवजी होमखालच्या ‘पीकेजी’ फोल्डरात थाटला जातो. पुढच्या परिच्छेदातला ‘दही नासलं’ हा उल्लेख एवढ्याचाच : सवयीने ‘बीमेक’ऐवजी ‘मेक’ टाइप झाले होते.