घाटातला जुना पूल आणि पाटीवाल्या बाया



चैत्रात आमच्या दिवाळे कोळीवाड्यातल्या बाया एकविरा आईला निघतात. पनवेल, खोपोली मागे पडली की गाडी बोरघाट चढते. खंडाळ्याजवळ द्रुतगती मार्गावरून एक जुना दगडी कमानींचा पूल दिसतो. पुष्कळजणी त्याला अमृतांजन पूल समजतात. पण अमृतांजन पूल रस्त्याचा होता, १८३० सालचा. तो २०२० साली पाडला. हा पूल रेल्वेचा.

मुंबईहून पुण्याला रेल्वे न्यायची, तर मध्ये सह्याद्री उभा. १८५६ साली घाटाचं काम सुरू झालं. सुमारे २४ किलोमीटरांत गाडी साडेपाचशे मीटर वर चढवायची होती. बोगदेच २५ खोदावे लागले. खंडाळ्यापाशी वळण घ्यायला जागा नव्हती. म्हणून गाडी तिथे थांबायची, इंजिन सोडून दुसऱ्या टोकाला जोडायचे आणि गाडी उलट्या दिशेने पुढचा चढ चढायची. या जागेला रिव्हर्सिंग स्टेशन म्हणत. हा पूल त्याच वाटेवरचा.

काम सोपं नव्हतं. पटकी आणि तापाने हजारो मजूर गेले. १८५९च्या जानेवारीत मजुरी थकली, तेव्हा मजूर चिडून उठले. त्याच वर्षी पहिल्या ठेकेदाराने काम सोडलं. नवा ठेकेदार सॉलोमन ट्रेडवेल विलायतेहून आला आणि थोड्याच दिवसांत आजाराने वारला. तेव्हा त्याची बायको ॲलिस हिने ठेका पुढे चालवला. जाणते इंजिनिअर नेमून तिने काम तडीस नेलं. १८६१ साली घाटात ४२ हजारांवर माणसं राबत होती. १८६३ साली घाटातून गाडी धावली.

पुढे १९२९ साली विजेची गाडी आली, नव्या बोगद्यांतून सरळ वाट झाली. उलटं फिरायची गरज संपली आणि पूल ओस पडला.

ॲलिसचं नाव पुस्तकांत आहे. इंग्रजांना घाटाची वाट दाखवली असं ज्याच्याबद्दल सांगतात, त्या शिंग्रोबा धनगराचं देऊळ घाटातच आहे. पण नवऱ्याबरोबर, लेकरांसकट येऊन ज्यांनी खडी-माती वाहिली, त्या बायांचं काय? आपल्या डोक्यावर मासळीची पाटी, त्यांच्या डोक्यावर मातीची. मजुरी पुरुषापेक्षा कमी. त्यांची नावं कुठेच नाहीत.

म्हणून मैत्रिणींनो, रोजगार हमीच्या कामावर गेलात तर हजेरीपटावर आपलं नाव लिहिलंय का, किती दिवस भरलेत, ते रोज बघा. वाचता येत नसेल तर गटातल्या मुलीला वाचायला सांगा. आणि एकविरेला जाताना तो पूल दिसला, की त्या बायांसाठीही हात जोडा.