आधारमुक्त लेस (यंत्रभरतकाम)

कापडाचा आधार मागे न ठेवता केवळ टाक्यांच्या गुंफणीवर उभी राहणारी, यंत्रावर भरलेली जाळीदार नक्षी. युरोप-अमेरिकेत हिच्या चांदण्या, हिमफुले, घंटा नाताळच्या झाडावर आणि खिडकीत टांगतात. विरघळणाऱ्या आधारावर नक्षी भरून नंतर तो आधार नाहीसा करायचा, ही तिची कृती. जिची सुरुवात कापडावर होते ती लेस नव्हे, भरतकामच, असा एक पक्ष आहे. तो मान्य करता येत नाही. व्हेनिसची सुईची लेस निर्विवाद लेस मानली जाते. तिचे कारागीरही चर्मपत्रावरच्या रेखाटनावर दोरा टाचत, त्या दोऱ्यावर टाके गुंफत आणि शेवटी टाचणीचे टाके कापून चर्मपत्र सोडवून घेत. म्हणजे तात्पुरता आधार लेसच्या परंपरेतलाच आहे. यंत्राने बदलली ती तो काढण्याची रीत. स्वित्झर्लंडच्या सेंट गालन भागात इझाक ग्रोब्ली यांनी 1863 मध्ये होडीच्या आकाराच्या धोट्याचे भरतयंत्र बनवले. पुढे 1880 च्या दशकात तिथे आणि जर्मनीतील प्लाउएन येथे रेशमी कापडावर सुती दोऱ्याने भरून ते दाहक क्षारात बुडवू लागले. रेशीम प्रथिनाचे, म्हणून विरघळे. कापूस सेल्युलोजचा, म्हणून टिके. प्लाउएनच्या लेसला 1900 च्या पॅरिस प्रदर्शनात सर्वोच्च पारितोषिक मिळाले. आता घरगुती यंत्रावर पाण्यात विरघळणारा पॉलिव्हिनाइल अल्कोहोलचा पडदा किंवा जाळीसारखे कापड वापरतात.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. यंत्राच्या टाक्यात वरचा आणि बॉबिनचा असे दोन दोरे कापडातच एकमेकांत अडकतात. कापड गेल्यावर त्यांना धरणार कोण? साध्या भरतकामाची नक्षी अशा पडद्यावर भरली, तर ती धुताना खरोखरच सुटते. म्हणूनच आधारमुक्त लेसचा आराखडा निराळा असतो: आधी एकमेकींना छेदणाऱ्या धावदोऱ्यांची जाळी, मग तिला कवटाळणारे दाट टाके, आणि प्रत्येक पाकळी शेजारच्या पाकळीत थोडी तरी शिरलेली. एकही भाग सुटा राहता कामा नये. भार पेलते ती ही गुंफण. लेसची खूण हीच. ताठपणा विरघळलेल्या पडद्याच्या दोऱ्यात उरलेल्या खळीचा असतो, हे खरे. टांगायची चांदणी त्यासाठीच कमी धुतात. पण पूर्ण धुतलेला, नीट आखलेला नग मऊ पडतो, उसवत नाही. शिवाय खळ हातच्या लेसलाही देतच असत. दोन्ही बाजू दिसणार असल्याने बॉबिनमध्ये वरच्याच रंगाचा दोरा भरतात.